शब्द मागे घेणारे डॉक्टर

भर चौकात, चार माणसांच्या देखत, "मी चुकनू" असं मोठ्यानं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमचा डॉक्टर. चुकनू म्हणजे चुकलो. डॉक्टर धुळे जिल्ह्यातले, पिंपळनेरचे, म्हणून त्यांच्या तोंडी अहिराणी, 'आहे'ला शे आणि 'आहेत'ला शेतस म्हणणारी. आमच्याशी बोलताना अर्धी अहिराणी आणि अर्धी पुस्तकातली मराठी असं त्यांचं चालायचं. आमच्या फैजपूरकडची बोली वेगळी, आणि तिच्यात "चुकलो" हा शब्द आम्ही फारसा वापरत नाही. निदान मी तरी वापरत नाही. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून वाद आहे. पण त्या चार वर्षांत मास्तरांची छडी मोडली, माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. अशा माणसाच्या घरात भाडेकरू म्हणून देवानं हे डॉक्टर आणून बसवले.

बसवले म्हणणंही खरं नाही. डॉक्टर बसायचे नाहीत. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. खुर्ची मी दिली होती, चांगली शिसवी खुर्ची, पण तिच्यावर कायम त्यांची पिशवी बसलेली. डॉक्टर उभ्यानं नाडी बघत, उभ्यानं औषध लिहीत, आणि पेशंट आपलं दुखणं सांगत असताना खोलीत येरझारा घालत. पेशंटची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरायची. एकदा एक म्हातारी म्हणाली, "डाक्तर, आधी तुमी बसा बापा, मले चक्कर येऊन राह्यली." गावानं त्यांचं नाव भिंगरी डॉक्टर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. लग्नाच्या पंगतीत कोणी त्या नावानं हाक मारली तर ते ओ देत.

हा साथीचा आजार आला, म्हणजे आधी टीव्हीत आला आणि मग जळगावात आला, तेव्हा डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं, तर माझ्या घरातून दवाखाना हलवला. मला न विचारता. सकाळी बघतो तर टेबल बाहेर, औषधाचं कपाट बाहेर, आणि डॉक्टर बसथांब्याजवळच्या पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये झाडू मारतायत. मला राग आला. मी तिथं जाऊन म्हणालो, "काबरं हो? माझ्या घरात काय काटे उगवले?"

"नाना, आते तापाचे पेशंट तुमच्या ओट्यावर येतील," ते म्हणाले. "आतल्या खोलीत अक्का शेतस. अक्कांच्या छातीला हा आजार झेपणार नाही."

अक्का म्हणजे माझी बायको कलावती. गाव तिला अक्का म्हणतं. तिला दम्याचं जुनं दुखणं. थंडीत तर तिचा श्वास पलीकडच्या खोलीत ऐकू येतो. डॉक्टर झाडू मारत मारतच पुढे म्हणाले, "साफ सांगस नाना. त्यांना हा ताप आला तर मी काही करू शकणार नाही. येऊ द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात शे."

त्या दिवसापासून माझं लक्ष कशात लागेना. केळीला पाणी सोडून वळलो की वाटे, घरी कोण आलं असेल? कोणी खोकलं का? मी आयुष्यात कशाला भ्यालो नाही. विहिरीत उतरलो, सापाला शेपटीला धरून फेकलं, बांधावरून भाऊबंदांशी दोन हात केले. पण शत्रू दिसला तर माणूस उभा राहील ना. हा दिसत नव्हता, आणि तो नेमका कुठून येतो हेही पहिल्यांदा कोणाला धड सांगता येत नव्हतं.

डॉक्टर सांगायचे, पण रोज नवीन. पहिल्यांदा त्यांनी चौकात उभं राहून सांगितलं की वस्तूंना हात लावू नका, लावला तर धुवा. गावानं ते मनावर घेतलं. दाराच्या कड्या धुतल्या, दुधाच्या पिशव्या धुतल्या, चपला धुतल्या. आमच्या शेजारच्या सुपडूनं तर केळीचा अख्खा घड कपड्याच्या साबणात बुचकळून काढला आणि मग तो कोणी खाईना म्हणून म्हशीला घातला. म्हैस सुपडूपेक्षा शहाणी, तिनंही तोंड फिरवलं. हे सगळं बरेच दिवस चाललं. आणि एका सकाळी डॉक्टर पुन्हा चौकात उभे. "मंडळी, हात धुवत राहा, ते चांगलंच शे. पण केळीला साबण लावू नका. हा आजार वस्तूवरून थोडा अन् श्वासातून जास्त जातो असं आता दिसून राह्यलं. मागे मी सांगं ते पुरतं बरोबर नव्हतं. मी चुकनू."

चौकात हशा पिकला. सुपडू म्हणाला, "डॉक्टर, मंग आज सांगता ते कधी मागं घेशान? म्हंजे आमी तवरोक थांबतो."

"उद्या नवीन कळनं ते उद्या सांगसू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांची फटफटी चालूसुद्धा झाली.

मला त्या माणसाची कीव आली. मी मनात म्हणालो, शिकलेला माणूस आणि शब्दाला असा ढिला. गावात आमच्या घराण्याचा मान कशावर, तर शब्दावर. माझ्या वडिलांनी बैल देतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बैलाचा भाव वाढला, तरी बैल गेला. मीही तसाच. म्हणून पंचायतीनं रस्त्यावर औषध फवारायचं ठरवलं तेव्हा मी केळीवर फवारणीचा माझा ट्रॅक्टर देतो म्हणालो, आणि दिला. स्वतः चालवला. डॉक्टर शेडमधून बघत होते. मी जवळ आलो तशी त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि ओरडून विचारलं, "नाना, हाऊ रस्ता खोकस का?"

"म्हणजे?"

"रस्ता आजारी शे का? रस्त्याला कसाले औषध पाजता? माणसं घरात दार लावून एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडून राह्यलीत, अन् तुम्ही डांबर धुता."

मी फवारणी अर्ध्यात सोडली नाही. सांगितलेली गल्ली संपवली आणि मगच घरी आलो. त्या आठवड्यात डास कमी झाले, हे मी आजही सांगतो. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कशावरून? मागच्या आठवड्यात तुम्ही डास मोजेल होतात?" हा त्यांचा दुसरा शब्द होता. कशावरून. दुसऱ्याला विचारत तसं स्वतःलाही विचारत, एकटेच, फटफटीला किक मारताना.

ते पुस्तकातून बोलायचे आणि माझा अनुभव उन्हातला. एकदाच आमची खरी जुंपली ती खिडक्यांवरून. त्यांनी घरोघर फिरून सांगायला सुरुवात केली, दारं उघडी ठेवा, खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. चैत्र-वैशाखातली गोष्ट. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळची न्याहारी झाली की दारं लावतात, खिडकीला ओलं गोणपाट लावतात, आणि दिवस कलल्याशिवाय कडी काढत नाहीत. बाहेर वारा सुटतो तो भट्टीतून आल्यासारखा. मी म्हणालो, "डॉक्टर, भर दुपारी खिडकी उघडली तर तुमच्या आजाराला काही करावं लागणार नाही. माणूस आधीच उन्हानं जाईल. तुमचं पुस्तक कुठल्या थंड देशात छापलं ते बघा."

मला वाटलं वाद होईल. डॉक्टर येरझारा घालायचे थांबले. मान खाली घालून उभे राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर शे. हा विचार मी करेल नव्हता. मी चुकनू." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सांगणं बदललं. पहाटे आणि दिवस कलल्यावर सगळं सताड उघडा. दुपारी कूलर खिडकीत बाहेरच्या अंगाला लावा आणि समोरचं दार किलकिलं ठेवा, म्हणजे बाहेरची हवा आत येईल आणि आतली बाहेर जाईल. खोलीत मधोमध ठेवलेला कूलर आतलीच हवा फिरवतो, तो कामाचा नाही. आणि प्रत्येक घरी सांगायचे, "हे मला नानांनी शिकवलं." मी काही शिकवलं नव्हतं, मी भांडलो होतो. पण गावभर नाव झालं, मी खोडून काढलं नाही.

काढ्याचा वाद मात्र मिटला नाही. मी दोन वेळा काढा घेत होतो, आजही घेतो. ते म्हणायचे, "प्या नाना, चवीला चांगला शे. पण काढा पिला म्हणून तोंडावरची पट्टी काढू नका." ते चवीला चांगला म्हणाले तेवढं मी ध्यानात ठेवलं आहे.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी आजार मधे थोडा निवला, आणि आम्ही आमच्या नातीचं, वैशालीचं लग्न जमवलं. स्थळ डॉक्टरांनीच आणलेलं, त्यांच्या पिंपळनेरचं, खाऊन पिऊन सुखी घर. मुलाचे वडील बापू, माझ्यासारखेच ताठ. सुपारी फुटली त्या दिवशी बापू म्हणाले, "आमच्याकडची माणसं बरीच येतील, उन्हाळ्याचे दिवस शेतस." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "फैजपूरला नवा एसी हॉल झाला आहे. तुमच्या पाहुण्याच्या कपाळावर घामाचा थेंब दिसला तर मला सांगा." तो माझा शब्द होता. भावकीनं ऐकलेला.

लग्न तोंडावर आलं आणि आजार पुन्हा उसळला, पहिल्यापेक्षा वाईट. सरकारनं लग्नाची माणसं बांधून दिली. हॉलवाला म्हणाला, "नाना, तुम्ही काळजी करू नका. पुढचं शटर खाली ओढू, खिडक्यांना पडदे टाकू, माणसं मागच्या दारानं घेऊ. बाहेरून कोणाला कळणार नाही आत लग्न आहे म्हणून." मला ते पटलं. एसी तर चालूच राहणार होता.

लग्नाच्या घरी पापड लागतात. माझ्या धाकट्या भावाची बायको मथुरा हिच्या खोलीत गल्लीतल्या बायका पापड लाटायला जमल्या. सगळ्यांनी काळजी घेतली होती, हे मी शपथेवर सांगीन. आधी अंघोळी केल्या, हात साबणानं धुतले, तोंडाला पट्ट्या बांधल्या, परक्या गल्लीतली एकही नव्हती. पण उडदाच्या पापडाला वारा चालत नाही. वारा लागला की लाटी सुकते आणि पापड कडेनं फाटतो. म्हणून पापडाच्या खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला ओली चादर. ही आजकालची रीत नाही, माझ्या आईच्याही आधीची आहे. त्यात लग्नाचे पापड, म्हणजे गाणी आलीच. पट्टी बांधून गाणं म्हणता येत नाही, पट्ट्या हळूहळू गळ्यात आल्या.

कलावती आत नव्हती. उडदाच्या पिठीनं तिला ठसका लागतो, म्हणून ती आणि माझी सून बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. आतून लाटलेले पापड चादरीखालून बाहेर यायचे आणि या दोघी ते खाटेवरच्या लुगड्यावर वाळत टाकायच्या. आतून मधूनच तेलात बुडवलेल्या लाट्या यायच्या, त्याही खाल्ल्या. मीही खाल्ल्या. पापडाच्या घरी लाटी न खाता कोणी जातं का?

काही दिवसांत मथुराला ताप आला. मग तिच्या शेजारी बसलेलीला. मग एकेक करत खोलीतल्या जवळजवळ सगळ्यांना. मथुराला जळगावला नेऊन प्राणवायू लावावा लागला, ती अर्धी होऊन परत आली. कोपऱ्यावरची लीलाबाई परत आली नाही. तिच्यासारखा गोल पापड गावात कोणी लाटत नव्हतं.

गाव म्हणालं, पिठातून आला. कोणी म्हणालं, तेलातून. पापडांची टोपली माझ्या मुलानं शेतात नेऊन पुरली. मी कलावतीच्या श्वासाकडे कान लावून बसायचो, कारण तिनं त्यातला प्रत्येक पापड हातात घेतला होता.

डॉक्टर आले. गल्लीत उभं राहून त्यांनी काडीनं मातीत मथुराची खोली काढली आणि माझ्या सुनेला विचारलं, कोण कुठं बसलं होतं? ती ओट्यावरून सांगत गेली, ते मातीत खुणा करत गेले. मग म्हणाले, "अक्का, तुम्ही पापडाला हात लावा होता?"

"सगळ्यांना," कलावती म्हणाली.

"लाट्या खाध्यात?"

"खाल्ल्या की. नानांनी तर माझ्या वाटणीच्याही खाल्ल्या."

"अन् आत गेल्यात का?"

"नाही बापा, मले ठसका लागतो."

डॉक्टर त्या मातीतल्या खोलीभोवती फिरायला लागले. एक फेरी, दुसरी फेरी. गल्लीतली माणसं आपापल्या दारातून बघत होती. "तेच पापड, तेच तेल, त्याच लाट्या," ते म्हणाले. "बाहेरच्या दोघींनी बठ्ठं, सगळं हाताळं, खाल्लं, अन् त्यांना काही नाही. आतल्यांनी कोंडलेली हवा घेतली. पिठानं नाही झालं. बंद खोलीनं झालं." मग लगेच थांबून स्वतःशीच म्हणाले, "कशावरून? बाहेर दोघीच होत्या. नशीबही असू शकतं." आणि माझ्याकडे वळले. "एका पापडाच्या दिवसावरून जगाला शिकवता येत नाही नाना. पण दुसरीकडच्या लोकांनी मोजून बघेल शे, तेही हेच सांगतात. तुमच्या हॉलसाठी एवढं पुरे."

हॉलचं त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. मी म्हणालो, "हॉलचा इथं काय संबंध?"

"शटर खाली, खिडक्यांवर पडदे, आत गाणी. मथुराबाईंची खोलीच ती. मोठी आणि थंड, एवढाच फरक. नाना, लग्न खळ्यात करा. सरकारनं दिली तेवढीच माणसं, अन् उघड्यावर."

"मी बापूंना शब्द दिला आहे."

"मी दर आठवड्याला शब्द मागे घेस. माले काय व्हयनं? जित्ता शे ना?"

"तुमचा शब्द औषधाचा आहे डॉक्टर. माझा माणसाचा आहे."

"अक्का बी माणूस शे," ते म्हणाले, आणि निघून गेले.

मी दोन-तीन दिवस केळीच्या बागेत नुसता फिरलो. पाणी द्यायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. घरी येऊन जेवायला बसायचो आणि ताट अर्धं ठेवून उठायचो. कलावती एका दुपारी म्हणाली, "काहून जीव खाऊन राह्यले स्वतःचा? तुमचा शब्द तुमी पाळा. मी घरी राहते. वैशूले मी अठीच आशीर्वाद देईन."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. तिनं पोळीवर तूप वाढताना म्हटलं. हिच्या मांडीवर वाढलेली नात, आणि तिच्या अंगावर अक्षता पडताना ही घरात बसणार. का, तर मी सुपारीच्या दिवशी घामाच्या थेंबाची गोष्ट बोललो होतो म्हणून.

फोनवर मी शब्द देत नाही आणि घेतही नाही. पण त्या दिवसांत जाणार कसा? विहिरीच्या काठावर उभा राहिलो आणि बापूंना फोन लावला. इकडचं तिकडचं काही बोललो नाही. म्हणालो, "बापू, एसी हॉलचा शब्द मी मागे घेतो. लग्न खळ्यात लावू, मोजक्या माणसांत. ऊन लागेल, घाम येईल."

 बापूंचा आवाज चढला. "नाना, आते? पत्रिका बठ्ठ्या वाटी टाक्यात आम्ही! लोकं काय म्हणतील?"

"म्हणतील, नानानं शब्द फिरवला. म्हणू द्या. माझ्या नावानं म्हणतील, तुमच्या नाही."

"तुम्ही हे बोली राह्यनात? तुम्ही?"

"मीच बोलतो आहे."

बापूंनी फोन ठेवला. नंतर काही दिवस त्यांचा फोन नाही.  वैशू माझ्यासमोरून पाण्याची कळशी घेऊन जायची आणि वर बघायची नाही. भावकीतले दोघे मला मुद्दाम भेटायला आले, लांब उभे राहून म्हणाले, "नाना, तुमी पण भिंगरी झाले का?"  सोयरीक मोडली तर मुलीचं काय, हा एकच किडा डोक्यात वळवळत होता. डॉक्टरांकडे गेलो. म्हणालो, "तुमचं ऐकून मी हे केलं. मोडलं लग्न तर मी तुम्हाला गावात राहू देणार नाही." ते कोणाच्या तरी छातीला नळी लावून ऐकत होते. त्यांनी नुसता हात हलवला, गप्प राहा म्हणून.

आणि मग बापूंचा फोन आला. आवाज पडलेला होता. म्हणाले, "आमच्या गल्लीत एक लग्न झालं हॉलमध्ये. घरंच्या घरं आडवी शेतस. खळ्यात करू नाना." आणि पुढे म्हणाले, "अन् त्या तुमच्या डॉक्टरले सांगा, आते फोन करू नको. रोज सकाळी करस. कान किटी गयात."

लग्न खळ्यात झालं. कडुनिंबाखाली. केळीच्या बागेत सावली जास्त होती, पण तिथं हवा हलत नाही म्हणून डॉक्टरांनी तीही जागा खोडली. वारा एवढा, की अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले आणि अर्ध्या अक्षता म्हशीच्या गोठ्यात गेल्या. बापूंच्या कपाळावरून घाम निथळत होता. मी त्याकडे बघितलं, त्यांनी मी बघतो आहे हे बघितलं, आणि दोघंही पट्टीच्या आत हसलो असू, दिसलं नाही. कलावती खाटेवर एका बाजूला बसली होती, नाकातोंडाला दुहेरी पदर, डोळे तेवढे बाहेर. त्या डोळ्यांनी तिनं सगळं पाहिलं. डॉक्टर सगळ्यांपासून लांब, बांधाच्या कडेनं येरझारा घालत होते. गुरुजींची पट्टी नाकाखाली आली की तिथून ओरडायचे. जेवण त्यांनी गोठ्यापलीकडे उभ्यानंच केलं.

त्या लग्नातून कोणी आजारी पडलं नाही. कलावतीही नाही. पुढे आमच्या गावापर्यंत लस पोचली, ती तिनं घेतली, मीही घेतली, आणि आजार हळूहळू मागे गेला. डॉक्टरांनी टेबल आणि कपाट परत माझ्या पुढच्या खोलीत आणलं.

तेव्हा मी त्यांना एक विचारलं. बरेच दिवस पोटात होतं. "डॉक्टर, खरं सांगा. हॉलमध्ये लग्न झालं असतं तर हिचं काय झालं असतं?"

"माहीत नही."

"अंदाजानं सांगा."

"अंदाजानं काहीही सांगता येतं नाना. त्यांना झालाही असता, नसताही. हॉलमध्ये एकही आजारी माणूस आला नसता, तर काहीच झालं नसतं."

"म्हणजे तुम्ही तिला वाचवलं असं म्हणायचं नाही?"

"नाही म्हणायचं. हजार गावं बघितली तर सांगता येतं की हवा खेळती ठेवली तिथं कमी पसरला. एका अक्काचं नाही सांगता येत. जे झालंच नाही, त्याचा पुरावा मी कुठून आणू?"

मला त्या घटकेला त्या माणसाचा असा राग आला! मी म्हणालो, "अहो, मी माझा शब्द मोडला. घराण्यात कोणी मोडला नव्हता. तो कामी आला की फुकट गेला, हे मला कधीच कळायचं नाही का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. ते त्या वेळी चालत नव्हते, माझ्यासमोर उभे होते. "माले बी नही कळत. जे वाचले त्यातला एक तरी माझ्यामुळे वाचला का, मला माहीत नाही. तेच सहन करावं लागतं."

तेव्हा मला कळलं की हा माणूस रात्रंदिवस का फिरत असेल.  कलावतीनं चहा दिला, त्यांनी उभ्यानं पिला.

पुढच्या हिवाळ्यात ते काही दिवसांसाठी धुळ्याला भावाकडे गेले. छातीत दुखतं म्हणत होते, तपासून येतो म्हणाले. तिकडेच गेले. झोपेत गेले असं भावानं फोनवर सांगितलं. मला ते पटलं नाही. तो माणूस इतका वेळ एका जागी पडून राहणं शक्य नाही. मी धुळ्याला गेलो, सगळं उरकेपर्यंत थांबलो. बापूही आले होते. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. येताना एसटीत मी सारखी जागा बदलत होतो, शेवटी कंडक्टर रागावला.

कलावती आहे. आत्ता मी हे लिहितो आहे आणि ती आत खोकते आहे, नेहमीचं थंडीतलं खोकणं. वैशूला मुलगी झाली, तिच्यासाठी ती गोधडी शिवते आहे. परवा ती मला म्हणाली, "एकदा म्हणून टाका की डॉक्टरनं वाचवलं मले. काय जातं तुमचं?"

मी म्हणालो, "माझं काही जात नाही. ते म्हणू देत नव्हते."

आता अडवायला ते नाहीत. तेव्हा मी इथं लिहून ठेवतो की माझ्या कलावतीला डॉक्टरांनी वाचवलं. त्यांना पटत नसेल तर त्यांनी यावं आणि माझ्याशी भांडावं. मी ओट्यावरच बसलो आहे.